मालदीवची कवडी, नागपूरचा रुपया

गोंदिया जिल्ह्यापासून समुद्र शेकडो मैल दूर. तरीही अठराव्या शतकात, जिल्ह्याच्या पूर्वेला लागून असलेल्या छत्तीसगडातल्या आठवडी बाजारात सुट्या पैशांचं काम करायच्या मालदीवच्या कवड्या. बंगाल-ओडिशाकडचा तांदूळ गलबतांतून मालदीवला जाई आणि परतीला कवड्यांची पोती ओडिशातल्या बालासोरच्या किनाऱ्यावर उतरत. तिथून त्या थेट आतल्या मुलखात शिरत.

नागपूरकर भोसल्यांकडे छत्तीसगड होतं, 1751 पासून 1803 पर्यंत ओडिशाही होतं. म्हणजे राज्य एक आणि चलनं दोन. नागपूरकडे चांदीचा रुपया, पूर्वेकडे कवडी. ओडिशातला हिशेब असा: चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा काहन. भोसल्यांकडून ओडिशा घेतल्यावर ईस्ट इंडिया कंपनी सरकारने एका सिक्का रुपयाला चार काहन, म्हणजे 5,120 कवड्या, असा दर बांधून दिला. एवढ्या कवड्या मोजायच्या म्हणजे अर्धा दिवस गेलाच! पुढे शेतसारा चांदीतच भरायची सक्ती झाली. ओडिशातल्या 1817 च्या पाईक उठावामागच्या कारणांत हाही जाच होता.

मीठ आणि धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांना नागपूर-रायपूर वाटेवर हे दोन्ही हिशेब सांभाळावे लागत.

रुपया हातात आला तरी व्यवहार मिटत नसे. भोसल्यांच्या रुपयावर फारशी अक्षरांत मुघल बादशहाचं नाव असे, पण ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे निम्मी अक्षरं नाण्याबाहेरच राहत. सराफ ते नाणं वाजवून बघे, तोलून बघे, कधी काठाशी खूण ठोके आणि मग बट्टा कापून मोड देई. टाकसाळ कुठली, नाणं किती झिजलेलं, यावर हा बट्टा कमी-जास्त होई.

1835 मध्ये कंपनीने आपल्या मुलखात एकच रुपया चालू केला: वजन 180 ग्रेन, म्हणजे साधारण 11.66 ग्रॅम, आणि वर इंग्लंडच्या विल्यम राजाचा चेहरा. भोसल्यांच्या राज्यात तो परमुलखाचाच. पण डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघूजी औरस वारसाविना वारले, गव्हर्नर-जनरल डलहौसीने दत्तकाचा हक्क मानला नाही आणि 1854 मध्ये राज्य खालसा झालं. आता बट्ट्याची पाळी नागपुरी रुपयावर आली. 1880 च्या दशकात रेल्वे आली, गोंदियाच्या धानाला लांबचं गिऱ्हाईक मिळालं. तिकीट आणि भाडं, दोन्ही सरकारी नाण्यातच.

विदर्भाच्या दक्षिणेला, निजामाच्या मराठवाड्यात, मात्र दोन चलनांची ही कटकट आणखी पाऊण शतक चालली. तिथल्या सात हाली, म्हणजे निजामी, रुपयांना सहा कलदार, म्हणजे इंग्रज सरकारचे रुपये, मिळत, आणि हाली सिक्का चलनातून पुरता गेला तो 1959 साली, नव्या पैशांचा दशमान हिशेब देशभर सुरू होऊन दोन वर्षं उलटल्यावर.