बायको कशावरून?

डोळखांबच्या परिसरातील एखाद्या ठाकूर वा कातकरी पाड्यावर अमकी बाई अमक्याची बायको कशावरून, असे कोणी विचारील तर लोक त्याच्याकडेच नवलाने पाहतील. सारा पाडा जाणतो. याहून निराळा पुरावा तो कोणता? आपली न्यायालयेही या समजुतीशी फटकून वागलेली नाहीत. सुमारे पन्नास वर्षे संसार केलेल्या जोडप्याकडे लग्नाचे साक्षीदार मागणे १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने गैर ठरविले.

परंतु परक्या बंदरावर साक्षीला पाडा नसतो. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या एका हिंदी मुसलमानाची पत्नी बाई मरियम हिला तेथे उतरण्यास मनाई झाली आणि प्रकरण न्यायालयात गेले. १४ मार्च १९१३ रोजी केप प्रांताचे न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की, बहुपत्नीत्वास मुभा देणाऱ्या धर्माच्या विधीने झालेला विवाह प्रवेशाच्या कायद्यापुरता विवाहच नव्हे! लग्न लागले की नाही हा वादच उरला नाही. लागलेले लग्न मोजावयाचे की नाही, एवढेच ठरले. हिंदू आणि मुसलमान स्त्रिया एका दिवसात रखेल्यांच्या पंक्तीस जाऊन बसल्या.

कस्तुरबांचा संसार तेव्हा तीस वर्षांचा होता. त्या वर्षीच्या सप्टेंबरात फिनिक्स आश्रमातून निघून परवान्यावाचून ट्रान्सवालची सरहद्द ओलांडणाऱ्या सोळा जणांत त्या होत्या, आणि त्यांनी तीन महिन्यांची सक्तमजुरी पत्करली. इकडे प्रकृती ढासळली असताही गोखल्यांनी सत्याग्रहींसाठी वर्गणी जमविली. ज्यांना आपले नेमस्त फार नरम वाटतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

१९१४ च्या कायद्याने तीन पौंडांचा कर गेला आणि हिंदी विधींच्या विवाहांस मान्यता मिळाली. पण एकाच पत्नीपुरती. मायदेशी राजरोस नांदणारी दुसरी बायको बंदरावर कोणाचीच नव्हती. माझ्या मते त्या तडजोडीची किंमत तिने दिली, आणि तिला विचारले कोणी नाही.

आज कॅनडाचा कायदा लग्नाचा आग्रह धरीत नाही. वर्षभर सलग एकत्र राहिलेल्या जोडीदारास तेथे बोलावता येते. मात्र दोघांच्या नावचा भाडेकरार, सामाईक देयके, एकाच पत्त्याची ओळखपत्रे अशी कागदे दाखवावी लागतात. जिथे सातबारा सासऱ्याच्या नावचा आणि पुंजी पत्र्याच्या डब्यात, तिथल्या बाईने यांतले काय दाखवावे?