'बदलणं' कुणाचं?

"तुम्ही मुसलमान असून मराठी इतकं चांगलं कसं बोलता?" कोल्हापुरात जन्मलेल्या, मराठी शाळेत शिकलेल्या मलाही हा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. विचारणाऱ्याचा हेतू कौतुकाचाच असतो. परवा असेच एक गृहस्थ पुढं म्हणाले, "तुम्हाला ऐकून आमचं मत बदललं." मला हसू आलं. त्यांच्या वाक्यातलं क्रियापदच मुळात अरबी होतं.

अरबीत 'बदल' म्हणजे एका गोष्टीच्या जागी आलेली दुसरी गोष्ट. फारसीच्या वाटेनं हा शब्द आपल्याकडं आला आणि हिंदी, गुजराती, पंजाबी, बंगालीतही रुजला. परक्या भाषेतलं नाम घेणं सोपं असतं. क्रियापद तसं सहज येत नाही. आपण टेलिफोन 'करतो', 'टेलिफोनत' नाही. 'बदल' मात्र मराठीचे प्रत्यय लावून बदलला, बदलली, बदलवला असा चालू लागला.

मूळचा 'जागी येण्याचा' अर्थ अजून जिवंत आहे. गैरहजर कामगाराच्या जागी उभा राहणारा गिरणीतला 'बदली' कामगार. जमीन गेली की मिळणारा मोबदला. आपल्या घरांत तर 'हज्जे बदल' सर्वांना माहीत आहे: मृत किंवा असमर्थ माणसाच्या वतीनं दुसऱ्यानं केलेली हज. आणि 'बद्दल' हे साधं शब्दयोगी अव्ययही याच कुळातलं. 'चुकीबद्दल दंड', 'सेवेबद्दल इनाम' यांत देवाणघेवाणीचा अर्थ स्पष्ट दिसतो. पुढं तो विस्तारला आणि आपण कुणाहीबद्दल बोलू लागलो.

युरोपातही असंच घडलं. बदलण्यासाठी लॅटिनकडं स्वतःचं 'मुतारे' होतं. तरी सामान्य लोकांच्या तोंडी 'कांबियारे' बसलं. तो शब्द गॉल प्रदेशातल्या केल्टिक लोकांकडून आल्याचं अभ्यासक मानतात. त्याचाही आधीचा अर्थ अदलाबदल, सौदा. त्यातूनच इटालियन 'कांबियारे', स्पॅनिश 'कांबियार', फ्रेंच 'शांजे' झाले. फ्रेंचमधून इंग्रजीत गेलेला 'चेंज' आज आपला बसकंडक्टर मागतो. म्हणून फ्रेंच भाषा कुणी केल्टिक लोकांची म्हणत नाही.

मराठीत मात्र शब्दांची जात विचारली गेली. शिवछत्रपतींच्या काळातल्या राज्यव्यवहारकोशानं दरबारी फारसी-अरबी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम चालवली. आमच्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या माधव जूलियन यांची कथा तर विलक्षण. मराठीत गझल रुजवणारे, १९२५ साली फारसी-मराठी कोश देणारे हे कवी नंतर भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. १९३८ साली त्यांचं 'भाषाशुद्धि-विवेक' आलं.

त्यांच्या विद्वत्तेबद्दल मला आदर आहे. स्वभाषेत नवे शब्द घडवण्यालाही माझा विरोध नाही. 'दिनांक' आला, 'तारीख'ही राहिली. पण परका म्हणून शब्द काढायला निघालं, तर थांबायचं कुठं? 'बद्दल' काढून त्याच्या जुन्या अर्थासाठी 'ऐवजी' घ्यावं, तर 'ऐवज'ही अरबीच.

शब्दाचं मूळ शोधावं ते त्याचा प्रवास कळावा म्हणून, त्याला घरातून काढण्यासाठी नव्हे. माणसांचंही तेच. त्या गृहस्थांचं मत बदललं, बरं झालं. पण मी मराठीत पाहुणा नाही. माझ्याबद्दल काही बोलायचं म्हटलं, तरी त्यांना 'बद्दल' लागतोच.