एकाचें दुखणें, घराचा उपचार

आपल्याकडे घरांत भांडण माजलें म्हणजे एखाद्या वडीलधाऱ्या माणसास मध्यें घालण्याची चाल फार जुनी आहे. मामा किंवा शेजारचे एखादे आबा येऊन बसत, दोन्ही बाजू ऐकून घेत, आणि बहुधा सुनेनेंच थोडें सोसावें असा निवाडा देऊन, चहा घेऊन निघून जात. त्या निवाड्यास न्याय म्हणावयाचें कीं नाहीं, हा प्रश्न वेगळा. परंतु बिघडलें आहे तें एका माणसांत नसून माणसांच्या आपसांतील बोलण्याचालण्यांत आहे, एवढें त्या मध्यस्थीच्या मुळाशीं गृहीत धरलेलें असे. पाश्चात्य मानसोपचारशास्त्रास मात्र ही गोष्ट मान्य होण्यास अर्धें विसावें शतक सरावें लागलें.

याचें कारण त्या शास्त्राच्या जन्मांतच होतें. व्हिएन्ना येथील डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांच्या पद्धतींत रोगी एकटा, वैद्य एकटा आणि दार बंद, असा दंडक होता. नातलगांचें काय करावें हें आपणांस मुळींच उमगत नाहीं, अशी कबुली फ्रॉइड यांनीं १९१२ सालीं लिहून ठेविली. पुढें तर नातलगांवर, विशेषतः आईवर, दोषच येऊं लागला. डॉ. फ्रीडा फ्रॉम-राइखमन या विदुषींनीं १९४८ सालीं, मुलांत छिन्नमनस्कतेचा रोग उत्पन्न करणारी आई, अशा अर्थाचा एक शब्द वापरला, आणि तो बघतां बघतां रूढ झाला. तो सिद्धान्त आज टाकून देण्यांत आला आहे. परंतु ज्या माउल्यांना तो ऐकून घ्यावा लागला, त्यांची भरपाई कोणीं केली नाहीं.

या पार्श्वभूमीवर व्हर्जिनिया सॅटिर या अमेरिकन बाईंची हकीकत लक्षांत घेण्यासारखी आहे. त्यांचा जन्म १९१६ सालीं विस्कॉन्सिन राज्यांत झाला. आरंभीं त्या शाळेंत शिक्षिका होत्या, आणि विद्यार्थ्यांच्या घरीं जाऊन आईबापांची भेट घेण्याचा त्यांचा परिपाठ होता. (हा परिपाठ शिक्षकवर्गांत आतां दुर्मिळ झाला आहे, तें असो.) पुढें समाजकार्याचें शिक्षण घेऊन त्या शिकागो येथें खाजगी रीतीनें उपचार करूं लागल्या. १९५१ सालीं त्यांच्याकडे एक तरुण मुलगी येत असे. तिला छिन्नमनस्कता असल्याचें निदान झालेलें होतें. सुमारें सहा महिन्यांत तिला चांगला गुण आला, आणि त्याच सुमारास तिच्या आईचा दूरध्वनि आला. मुलीचें मन आपल्यापासून तोडल्याबद्दल बाईंवर फिर्याद लावण्याची तींत धमकी होती. दुसरें कोणी असतें तर त्यानें आधीं वकील गांठला असता. सॅटिरबाईंना त्या धमकींतली विनवणी ऐकूं आली. त्यांनीं आईलाच बोलावून घेतलें.

आई येऊन बसली मात्र, मुलगी पुनः पहिल्यासारखी झाली! हळूहळू दोघींचा मेळ बसला. मग वडिलांना बोलाविलें, तों घडी पुनः विस्कटली. शेवटीं घरांतला गुणी, लाडका म्हणून गणला जाणारा भाऊ आला, तेव्हां कोठें चित्र पुरें झालें. एक हलला कीं उरलेले तिघे आपापली जागा धरून ठेवण्यासाठीं त्याला मागें ओढीत होते. आणि यांतलें एकही माणूस दुष्ट नव्हतें.

१९५९ सालीं डॉ. डॉन जॅक्सन यांच्या निमंत्रणावरून सॅटिरबाई कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथील संस्थेंत गेल्या, आणि तेथें त्यांनीं ही विद्या इतरांस शिकविली. माणूस मनांतून घाबरला म्हणजे चार तऱ्हांनीं बोलतो, असें त्यांचें निरीक्षण होतें. कोणी लोटांगण घालतो. कोणी बोट रोखून दोष देतो. कोणी कोरडा शहाणपणा सांगतो. आणि कोणी भलतेंच कांहीं बोलून विषय उडवून लावतो. या तऱ्हा त्या नुसत्या सांगत नसत. नवऱ्याला बोट रोखून उभें करीत, बायकोला गुडघ्यांवर बसवीत, आणि विचारीत कीं आतां कसें वाटतें? वर्षानुवर्षें शब्दांनीं न कळलेली गोष्ट पाय अवघडल्यावर कळे. आपल्या वाचकांनीं एखाद्या रविवारच्या जेवणाची पंगत डोळ्यांपुढें आणावी. चारही तऱ्हा तेथें ओळखूं येतील.

त्याच दशकांत हिंदुस्थानांत, अमृतसर येथें, दुसऱ्याच वाटेनें हीच गोष्ट घडत होती. फाळणीनंतर, १९५० सालीं, लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळांतील हिंदु व शीख रोगी अमृतसरला आणण्यांत आले होते. तेथील प्रमुख डॉ. विद्यासागर यांच्यापाशीं सेवक थोडे आणि रोगी फार. त्यांनीं नातलगांना फाटकाबाहेर न ठेवतां आवारांत तंबू ठोकून रोग्यांसह राहावयास लाविलें. रोग्याला जेऊंखाऊं घालणें, त्याच्याशीं कसें बोलावें हें शिकणें, सर्वांनीं मिळून डॉक्टरांपाशीं बसून शंका विचारणें, हें सर्व तेथेंच चाले. ज्या घरांत वेड्याचें नांवही काढीत नसत, तेथील माणसें इतर घरांचें दुःख पाहून बोलतीं झालीं. रोगी लौकर घरीं जाऊं लागले, आणि मुख्य म्हणजे घर त्यांना परत घेऊं लागलें. १९५७ सालीं सुरू झालेल्या वेल्लोरच्या केंद्रानेंही नातलगांना रोग्यासह ठेवण्याची प्रथा पाडली. अमेरिकेंत घराला बहुधा संशयानें आंत बोलाविलें गेलें, तर अमृतसरला मदतनीस म्हणून. या दोहोंतली थोर दृष्टि कोणती, हें सांगावयास नकोच.

छिन्नमनस्कता नुसत्या बोलण्यानें बरी होत नाहीं. तिला औषध लागतें. तथापि घरांतील सततची टीका आणि चीड यांमुळें रोग उलटण्याचा संभव वाढतो, हें लंडन येथील जॉर्ज ब्राउन आदि संशोधकांनीं पुढें दाखवून दिलें आहे.

नवराबायकोच्या कलहापुरतें बोलावयाचें तर ही विद्या आपल्याकडे कायद्याच्या दारानेंही आली. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याप्रमाणें महाराष्ट्रांत १९८९ सालीं पुणें व मुंबई येथें अशीं न्यायालयें निघालीं. तेथें समुपदेशक नेमलेले असतात, आणि वकिलामार्फत बोलण्याचा पक्षकारांस हक्क म्हणून अधिकार नसतो. न्यायालयानें परवानगी दिली तरच वकील. म्हणजे जीं दोघें एकमेकांशीं बोलत नाहींत, त्यांनाच बोलावें लागतें. मात्र जेथें मारहाण आहे तेथें जाणता समुपदेशक दोघांना एकत्र बसविण्याची घाई करीत नाहीं. तो आधीं बायकोची वेगळी भेट घेतो. कारण त्या खोलींत उच्चारलेल्या खऱ्या शब्दाची किंमत तिला रात्रीं घरीं गेल्यावर मोजावी लागते.