तारेची आणि पेशीची सोयरीक

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, जेथे प्रवरेचे खोरे सह्याद्रीत शिरते, त्या अकोले तालुक्यातील राजूरच्या परिसरात 1989 च्या सुमारास आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी चालली होती; आणि 'सत्यनिकेतन' संस्थेच्या आश्रयाने त्या कामात गुंतलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या विदुषीचे, म्हणजे डॉ. कमल रणदिवे यांचे नाव, प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी हृदयाच्या ऊतीत लवचीक तारांचे जाळे गुंफून तिचे स्पंदन टिपण्याच्या अगदी अलीकडील तंत्राशी जोडता येईल, असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. परंतु या तंत्राची वंशावळ मांडावयास बसले की तिच्या दोन शाखा दिसतात: एक, सजीव ऊती शरीराबाहेर काचेत जगविणाऱ्यांची, आणि दुसरी, हृदयातील विद्युत ऐकणाऱ्यांची, आणि पहिल्या शाखेचे आपल्या देशातील दप्तर उघडले तर आरंभीच्याच पानांवर रणदिवे यांची सही आढळते.

पुण्यात 1917 साली जन्मलेल्या या बाईंनी पदव्युत्तर परीक्षेसाठी अभ्यास केला तो सीताफळाच्या कुलातील वनस्पतींच्या पेशींचा. पुढे मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट 1949 मध्ये मिळवून त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हे गाय म्हणजे 1951 मध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्णेच्या अर्बुदातील पेशी काचेत अखंड वाढत्या ठेवणारे गृहस्थ. त्यांच्या पद्धतीत ऊतीचे कण काचनळ्यांच्या आतल्या अंगास चिकटवून त्या नळ्या एका ढोलात बसवीत आणि तो ढोल अत्यंत संथपणे फिरता ठेवीत, जेणेकरून पेशींना आळीपाळीने पोषकरस आणि हवा दोन्ही मिळत. आणि तो पोषकरस कोंबडीचे रक्तद्रव, वासराच्या गर्भाचा अर्क आणि बाळाच्या नाळेतील रक्तजल अशा, ऐकताना किळस यावी अशा, जिनसांतून सिद्ध होई. हे सारे शिकून परतलेल्या रणदिवे यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये जी ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, ती देशातील पहिली मानली जाते. ऊतीसंवर्धन म्हटले की आमच्या प्रवराकाठच्या बागाईतदारास केळीची रोपे आठवतात, आणि त्यात त्याची चूक नाही. कूळ तेच आहे.

या शाखेचा मूळपुरुष म्हणावा तो रॉस हॅरिसन, ज्याने 1907 मध्ये बेडकाच्या गर्भातील मज्जापेशी लसिकेच्या लोंबत्या थेंबात वाढविल्या. त्याच्याकडे शिकलेल्या मॉन्ट्रोज बरोज याने कोंबडीच्या गर्भातील हृदयपेशी शरीराबाहेर धडधडताना पाहिल्या, आणि त्यानंतर न्यूयॉर्कच्या अॅलेक्सिस कॅरेल याने 17 जानेवारी 1912 रोजी अशीच एक हृदयऊती काचेत ठेवून तिला अमर म्हणून गाजविले. ती 1946 पर्यंत जोपासली गेली खरी. परंतु तिचे स्पंदन केव्हाच थांबले होते आणि वाढत होत्या त्या साध्या जोडऊतीच्या पेशी. पुढे 1961 मध्ये लिओनार्ड हेफ्लिक याने सामान्य पेशींच्या विभाजनास मर्यादा असते हे दाखविल्यावर, कॅरेलच्या बशीत गर्भार्काबरोबर नव्या पेशी तर पडत नव्हत्या ना, असा संशय विद्वानांस येऊ लागला. वृत्तपत्रांनी दिलेली अमरत्वाची सनद अशी रद्द झाली.

दुसरी शाखा अधिक राजस. लंडनच्या ऑगस्टस वॉलर याने 1887 मध्ये मानवी हृदयाची विद्युत प्रथम कागदावर उतरविली. त्याचा जिमी नावाचा बुलडॉग मिठाच्या पाण्यात पाय बुडवून प्रयोगास उभा राही, आणि 1909 मध्ये या कुत्र्याचा छळ होतो काय, अशी पृच्छा थेट ब्रिटिश पार्लमेंटात झाली. हॉलंडच्या आइन्टहोव्हेन याने तारेचा विद्युन्मापक रचून आजच्या ईसीजीचा पाया घातला आणि 1924 चे नोबेल पारितोषिक मिळविले.

दोन्ही घराण्यांची सोयरीक जमली ती 1972 मध्ये, जेव्हा चार्ल्स थॉमस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काचेच्या तळाशी प्लॅटिनमचा मुलामा दिलेली सोन्याची विद्युतअग्रे मांडून त्यांवर कोंबडीच्या हृदयपेशी वाढविल्या आणि त्यांच्या ठोक्यांचे संकेत टिपले. संसार मात्र विजोड होता. हृदयाची ऊती मऊ, दर ठोक्यास आकसणारी. विद्युत उपकरणांत वापरतात ते सिलिकॉन तिच्याहून सुमारे एक कोटी पट ताठर. शिवाय बशीच्या तळाशी बसलेल्या अग्रास फक्त तळाच्या थराची वार्ता कळे; ऊती जाड होऊ लागली की तिच्या अंतर्भागात काय घडते याची दादच लागत नसे, आणि वरून सुई खुपसावी तर ऊतीच जखमी होई.

यावरचा तोडगा हार्वर्डच्या चार्ल्स लीबर यांच्या गटाने 2012 मध्ये प्रसिद्ध केला: सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म तारांचे सच्छिद्र, वाकणारे जाळे आधी रचावयाचे आणि उंदराच्या हृदयपेशी त्याच्या भोवती, त्याच्या आधाराने वाढवावयाच्या. त्या लेखाच्या लेखकांपैकी टाल द्वीर यांनी पुढे तेल अवीवला 2016 मध्ये असे ठिगळ तयार केले की ज्यातील तारा ठोके टिपत, विद्युत देत आणि औषधही सोडीत. माझ्या मते या कुळातील खरी कल्पक पायरी 2019 ची. हार्वर्डच्याच जिया लिऊ यांनी मानवी मूलपेशींच्या सपाट थरावर केसाहून कितीतरी पातळ, नागमोडी पट्ट्यांची ताणणारी जाळी पसरली. पेशी आपल्या स्वभावाप्रमाणे आकसून गोळा होऊ लागताच, अळूच्या पानाबरोबर त्यावर लावलेले पीठ गुंडाळले जावे तशी ती जाळीही आत ओढली गेली, आणि हृदयऊतीचा पहिला ठोका पडण्याआधीच तारा तिच्या पोटात मुक्कामास होत्या.

मानवी पेशी इतक्या सहज हाती आल्या त्याचे श्रेय क्योतोच्या शिन्या यामानाका यांचे. त्यांनी 2007 मध्ये मानवी त्वचेच्या पेशी परत मूलावस्थेत नेल्या, आणि त्यांवर योग्य संस्कार केल्यास आठ-दहा दिवसांत बशीतले ठोके सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागतात.

एवढा खटाटोप कशासाठी, तर औषधांसाठी. पोटाच्या विकारावरचे सिसाप्राइड कित्येकांच्या हृदयाची लय बिघडविते हे ध्यानात येईपर्यंत ते बाजारात बस्तान बसवून होते. आपल्याकडे त्यावर बंदी आली ती 2011 मध्ये. अशा औषधाची कैफियत रोग्याच्या आधी ऊतीकडूनच घ्यावी, ही दृष्टी आता कायद्यातही आली असून मार्च 2023 मध्ये केंद्र सरकारने नियम दुरुस्त करून पेशीआधारित व अवयवसदृश चाचण्यांना नव्या औषधांच्या परीक्षेत स्थान दिले आहे.

मात्र बशीतले हे हृदय वयाने गर्भावस्थेतलेच राहते: त्याच्या पेशी आपोआप ठोके देत राहतात, तर प्रौढ हृदयाच्या कप्प्यांतील स्नायूस ठोक्याचा हुकूम बाहेरून यावा लागतो. कोलंबिया विद्यापीठात 2018 मध्ये कोवळ्या ऊतीस चार आठवडे उत्तरोत्तर जलद विद्युतठोके देऊन पुष्कळ अंशी पक्व करण्यात आले. तेथे विद्युत देणारे कांब ऊतीच्या बाहेर होते. ऊतीत मुरलेल्या जाळीकडून ठोके देण्याचे आणि टिपण्याचे हे दोन्ही हुद्दे महिनोन्‌महिने एकत्र सांभाळून घ्यावयाचे, तर खारट, उबदार द्रवात त्या तारांचे आवरण किती दिवस टिकते, याच प्रश्नावर सध्या बरेच काही अडून आहे.