सापाची अंडी उजेडाला धरणे

१. 'अंडी उजेडाला धरून पाहिली' : नारायणगावच्या बाजूला शेणखताच्या उकिरड्यात किंवा उसाच्या पाचटाखाली नागाची, धामणीची अंडी सापडतात. अंधारात अंड्याला बारीक टॉर्च भिडवला की फलित अंड्यात गुलाबी झाक आणि लाल रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. अफलित अंडे सरसकट पिवळे उजळते. ताज्या अंड्यात हा फरक नेहमी स्पष्ट नसतो, म्हणून शंका असलेले अंडे कधीही फेकू नये. कोंबडीच्या अंड्यासारखे ते फिरवायचे तर मुळीच नाही. उलटल्यास आतला गर्भ दगावण्याचा धोका असतो. उचलण्याआधी वरच्या बाजूला पेन्सिलीने हलकी खूण करावी. नागीण अंडी राखत बसते, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अंड्यांनाही लागू आहे. तेव्हा आधी वनखात्याला कळवावे.