बोलके डबे आणि बाईचा आवाज



दिवाळी जवळ आली की घरात काहीतरी नवे घ्यायचे ठरते. हल्ली त्या यादीत 'स्मार्ट स्पीकर' हे नावही ऐकू येते. हाक मारली की उत्तर देणारा आणि 'भजन लाव' म्हटले की भजन लावणारा डबा. दोन-चार हजारांपासून तीस हजारांच्या पुढेपर्यंत त्याची किंमत जाते. महागडा डबा दाखवताना दुकानदार सांगतो, "ताई, आवाज बघा याचा." पण आवाज बघायचा म्हणजे नेमके काय बघायचे? हा प्रश्न आज इतिहासाला विचारू या. घरात आवाजाचा डबा येण्याची ही काही पहिली वेळ नाही.

१८७७ मध्ये अमेरिकेत एडिसनने आवाज साठवणारे यंत्र केले. पुढे दहा वर्षांनी बर्लिनरने तबकडी आणली. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान या गायिकेचे गाणे तबकडीसाठी घेतले गेले. तेव्हा माइक नव्हता. कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून मोठ्याने गायचे. त्या धक्क्याने सुई थरथरे आणि मेणावर रेघ उमटे. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत. तासभर रंगणारा राग गौहर जानने तीन मिनिटांत बसवला आणि शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत सांगितले. घरंदाज बाईला मैफलीत बसायची मुभा नव्हती, त्या काळी हे गाणे घरात आले. अर्थात ज्यांच्या घरी ग्रामोफोन होता त्यांच्याच.

घरी ऐकायलाही कर्णाच लागे. तो एवढा मोठा का? आपला ढोल मोठा आणि टाळ लहान का असते, तेच कारण. खर्जाच्या जाड सुराला पुष्कळ हवा ढकलावी लागते, बारीक सुराला थोडी पुरते. हा नियम तेव्हा होता आणि आजच्या डब्यालाही लागू आहे. तो कोणत्याही कंपनीला मोडता आलेला नाही.

मग रेडिओ आला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे केंद्र सुरू झाले. त्याच सुमारास अमेरिकेत एक गंमत चालली होती, म्हणजे त्यांच्यासाठी गंमत. 'बायकांचा आवाज रेडिओला शोभत नाही, कर्कश लागतो, शब्द कळत नाहीत,' असे बोलले जाई. १९२७ मध्येच तिथल्या बेल प्रयोगशाळेतल्या स्टाइनबर्ग या संशोधकाने बायकांचे बोलणे यंत्रावर समजायला जड जाते, असे लिहिले. खरे कारण काय होते? हवेत प्रत्येक केंद्राला ठरावीक रुंदीची वाट दिलेली होती. शेजारच्या वाटेत आवाज शिरू नये म्हणून वरचे बारीक सूर कापले जात. स, श, फ या अक्षरांची ओळख त्या वरच्या सुरांतच असते आणि बायकांच्या बोलण्यात ती आणखी वर असते. म्हणजे बाईच्या शब्दांची कड यंत्रच कापत होते आणि दोष मात्र बाईच्या गळ्याला लागत होता. यंत्र पुरुषाच्या आवाजावर बेतले होते, हे फारसे कोणी बोलत नव्हते.

आपल्याकडे गावात रेडिओ पोचला तो पंचायतीत, चावडीवर. १९५६ मध्ये पुणे केंद्रावरून खेड्यांसाठी एक प्रयोग झाला. पुणे, नगर, नाशिक, सातारा, कोल्हापूर या भागांतल्या दीडशेच्या आसपास गावांत मंडळे नेमली. ती एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करत. प्रयोग गाजला. पण त्या मंडळांत बसणारे मुख्यतः पुरुष होते. डबा गावाचा होता आणि त्याचे बटण पुरुषांच्या हाती होते.

हे बदलले ते ट्रान्झिस्टरमुळे. १९४७ मध्ये त्याचा शोध लागला आणि १९५४ मध्ये खिशातला रेडिओ बाजारात आला. वीज नसली तरी सेलवर चाले. पुढे तो स्वस्त होत गेला आणि स्वयंपाकघरात, शेताच्या बांधावर आला. आवाज मात्र लहान झाला. एवढ्याशा डब्यात खर्ज कुठून येणार? तरी बायकांनी तो आपलासा केला, कारण बटण त्यांच्या हाती आले होते.

त्यानंतर कॅसेट आली आणि आवाज ऐकण्याबरोबर साठवणेही सोपे झाले. याच काळात गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांसोबत जात्यावरच्या ओव्या जमवल्या. संख्या लाखाच्या वर गेली. काही हजार ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. ज्या आवाजाला कुणी रेडिओजोगा म्हटले नव्हते, तो आज जगाला ऐकता येतो.

आता स्मार्ट स्पीकरकडे येऊ. २०१४ मध्ये अमेरिकेत अ‍ॅमेझॉनचा इको आला, २०१७ मध्ये तो भारतात पोचला. २०१८ मध्ये अ‍ॅपलने होमपॉड काढला, तो आवाजाचाच गाजावाजा करत. त्याची २०२३ ची आवृत्ती भारतात ३२,९०० रुपयांना आली. वजन २.३ किलो. त्याच घरातला छोटा होमपॉड मिनी ३४५ ग्रॅमचा. कर्ण्याचा जुना नियम इथे तराजूवर दिसतो. भरदार आवाजाला जागा आणि जडपणा लागतो. महाग डबे खोलीत आवाज कसा घुमतो तेही स्वतः ऐकून थोडी दुरुस्ती करतात. पण पत्र्याचे छत आणि उघड्या भिंती असतील तर किती करणार? तिथे भिंतीवर टाकलेली गोधडी जास्त काम करते.

म्हणून घ्यायचाच असेल तर दुकानातले ढणढण गाणे ऐकून ठरवू नका. ओळखीच्या बाईचा आवाज मोबाइलवर न्या. गटातल्या कुणाची ओवी चालेल, कुणाचे भाषण चालेल. आवाज बारीक ठेवून चार हात लांब उभ्या राहा. 'सासर', 'शेजार', 'शेंगा' हे शब्द सुटे कळतात का? आवाज तिचाच वाटतो का? एवढी परीक्षा पुष्कळ झाली. मग विचारा, नेट गेले तर हा डबा ब्लूटूथवर किंवा वायरीने मोबाइलचे गाणे वाजवतो का? वीज गेली तर काय? माइक बंद करायचे बटण कुठे आहे? हा डबा बोलतो तसा ऐकतोही, म्हणून ते बटण घरातल्या बाईला माहीत हवे.

आणखी एक हिशेब करा. या डब्यात डोके आणि गळा असे दोन भाग असतात. डोके काही वर्षांत जुने होते, चांगला गळा वीस-पंचवीस वर्षे वाजतो. तेव्हा घरात बरा स्पीकर असेल, तर स्वस्तातला छोटा स्मार्ट डबा त्याला जोडता येतो का ते आधी बघा. तीस हजार रुपये म्हणजे कुणाची शिलाई मशीन, कुणाच्या शेळ्या.

शेवटचे आणि महत्त्वाचे. डबा तुमचे बोलणे समजला नाही तर लाजू नका. २०२० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी पाच मोठ्या कंपन्यांची बोलणे ओळखणारी यंत्रे तपासली. गोऱ्या माणसांच्या शंभर शब्दांत सुमारे १९ चुकत होते, कृष्णवर्णीयांच्या शंभरांत ३५. ज्यांचे बोलणे यंत्राला शिकवले, त्यांचेच त्याला नीट कळते. शंभर वर्षांपूर्वी बाईच्या आवाजाला दोष दिला, आज तोच दोष आपल्या गावरान बोलीला दिला जाईल. तुमची बोली ठीकच आहे. तिच्यासाठी डब्याने शिकावे, आणि शिकेपर्यंत त्याची किंमत देताना आपण हात आखडता घ्यावा.