मेनूथच्या फादरची कॉइल

गेल्या रविवारी मला दोन पेन्सिल सेलांचा शॉक बसला. हसू नका. खरंच बसला, चांगल्या कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या.

झालं असं, की जुन्या बाजारातून एक ट्रान्सफॉर्मर उचलून आणला होता. दोन किलोचं धूड, लेबल गायब, पाच वायरी बाहेर लोंबतायत आणि त्यांचे रंग उडालेले. विकणाऱ्याला विचारलं, "कितीचा आहे?" तर म्हणाला, "दीडशेचा." मी व्होल्ट विचारत होतो, तो रुपये सांगत होता. असो.

घरी येऊन वाइंडिंग ओळखायला बसलो. रीत सोपी आहे. मल्टिमीटर ओहमवर ठेवायचा आणि वायरींच्या जोड्या तपासत जायचं. काटा हलला तर दोन्ही वायरी एकाच वाइंडिंगच्या, नाही हलला तर वेगवेगळ्या. माझ्या पाचांपैकी दोघींमध्ये चाळीसेक ओहम निघाले. उरलेल्या तिघींमध्ये जेमतेम अर्धा ओहम, आणि कडेच्या दोघींमध्ये त्याच्या दुप्पट. म्हणजे पहिली जोडी बारीक तारेची, भरपूर वेढ्यांची, २३० व्होल्टची बाजू. दुसरी जाड तारेची, मधोमध टॅप काढलेली. (वेढ्यांचं गुणोत्तर मात्र ओहमवरून कळत नाही, कारण तारेची जाडी वेगळी असते. त्यासाठी एका वाइंडिंगला थोडासा एसी देऊन दुसरीवर किती येतो ते मोजावं लागतं.)

मल्टिमीटर माझा जुना, काट्याचा. सगळ्यात खालच्या ओहम रेंजला तो शंभरेक मिलिअँपिअर करंट सहज सोडतो. मी जाड वाइंडिंग मोजत होतो आणि डाव्या हाताच्या चिमटीत बारीक वाइंडिंगची दोन्ही उघडी टोकं नुसती धरून ठेवली होती. प्रोब लावला, काही झालं नाही. प्रोब उचलला आणि फाडकन बसला!

तीन व्होल्टमधून एवढं आलं कुठून? थिअरी परीक्षेपुरती पाठ होती. फॅरेडेने १८३१ साली लंडनमध्ये लोखंडी कड्यावर दोन गुंडाळ्या केल्या, एकीत करंट चालू-बंद केला, की दुसरीला जोडलेली सुई हलायची. फक्त चालू करताना आणि बंद करताना. आम्ही मराठी माध्यमवाले, शाळेत कॉइलला 'कुंतल' म्हणायचो. कुंतल म्हणजे केस, हे कळल्यावर वर्गात जो हशा पिकला तेवढाच धडा लक्षात राहिला.

शॉकचा इतिहास शोधायला लागलो तेव्हा भेटला निकोलस कॅलन. आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ मेनूथ नावाचं गाव आहे. तिथल्या सेंट पॅट्रिक्स कॉलेजात पाद्री तयार होतात. कॅलन स्वतः पाद्री, आणि १८२६ पासून तिथे पदार्थविज्ञान शिकवायचा. १८३६ साली त्याने दोन फुटांचा मऊ लोखंडाचा गज घेतला, त्यावर प्रत्येकी सुमारे २०० फुटांच्या दोन तारा गुंडाळल्या आणि दोघींची सुरुवातीची टोकं एकमेकींना जोडली. बॅटरी फक्त एकीलाच. बॅटरी तोडली, की दोन्ही मोकळ्या टोकांमध्ये बॅटरीपेक्षा कितीतरी जोरदार झटका. माझ्या रविवारचंच हे प्रकरण, एकशे ऐंशीहून अधिक वर्षं आधीचं.

कॅलनच्या लक्षात आलं, की करंट जितका झटकन आणि वारंवार तोडाल तितका परिणाम मोठा. मग त्याने घड्याळाच्या यंत्रासारखं एक चक्र जोडलं, जे बॅटरी भराभरा जोडत-तोडत राहायचं. व्होल्टमीटर नव्हता, त्यामुळे मोजमाप विद्यार्थ्यांवर. सांगतात, की पुढे डब्लिनचा आर्चबिशप झालेला विल्यम वॉल्श विद्यार्थीदशेत या प्रयोगात बेशुद्ध पडला होता. आपल्याकडच्या एखाद्या एचओडीने हे केलं असतं तर काय झालं असतं, कल्पना करा.

आणि या माणसाचं नाव कॉइलला मिळालं का? नाही. जगभर ती ओळखली गेली 'रूमकॉर्फ कॉइल' म्हणून. हाइनरिश रूमकॉर्फ हा मूळचा हॅनोव्हरचा, पॅरिसमध्ये वैज्ञानिक उपकरणं बनवणारा कारागीर. त्याने आपल्या कॉइलचं पेटंट १८५१ साली घेतलं. १८६४ साली तिसऱ्या नेपोलियनने लावलेलं ५०,००० फ्रँकचं बक्षीस त्याला मिळालं. कॅलन त्याच वर्षी जानेवारीत वारला. त्याच वर्षी ज्यूल व्हर्नची पृथ्वीच्या पोटातल्या प्रवासाची कादंबरी आली, तिच्यातल्या लोकांच्या हातात रूमकॉर्फचे दिवे. अमेरिकेत चार्ल्स पेजही १८३६ पासून याच मार्गावर होता. त्याच्यासाठी १८६८ साली अमेरिकन काँग्रेसने खास कायदा करून पेटंट दिलं, आणि काही आठवड्यांत तोही गेला. कॅलनचं श्रेय १९३६ साली मेनूथच्याच एका प्राध्यापकाने जुने पुरावे काढले तेव्हा कुठे मान्य झालं.

हे वाचून मी जाम चिडलो. फादरने कोड लिहिला आणि रिलीज नोटमध्ये नाव पॅरिसच्या दुकानदाराचं! ऑफिसात हे आपण रोज बघतो.

पण मग मी स्वतः कॉइल करायला घेतली.

तापकीर गल्लीतून वाइंडिंग वायर आणली. पीव्हीसी पाइपवर बारीक तारेचे पाच हजार वेढे, दहा थर. चार संध्याकाळी गेल्या, बायको बोलायची बंद झाली. आत लोखंडी सळयांचा जुडगा, त्यावर जाड तार, आणि करंट तोडायला एक रिले. पहिल्यांदा ठिणगी आली दीड मिलिमीटर, आणि रिलेचे कॉन्टॅक्ट जळून काळे. कारण कॉन्टॅक्ट उघडला तरी करंट त्या फटीतून ठिणगी बनून वाहतच राहतो, म्हणजे तो झटकन तुटतच नाही. यावर १८५३ साली फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने उपाय सुचवला होता: कॉन्टॅक्टला समांतर कंडेन्सर लावा. कॉन्टॅक्ट पुरता उघडेपर्यंत करंटला जायला जागा मिळते. मी लावला. ठिणगी तीन मिलिमीटर! बाबांच्या जुन्या स्कूटरचा कंडेन्सर गेला, की ते पॉइंट घासत आणि किका मारत का बसायचे, ते मला इतक्या वर्षांनी कळलं. ती एच.टी. कॉइल म्हणजे हीच भानगड.

आनंद दहा मिनिटं टिकला. मग आतून टिक-टिक आवाज, आणि बाहेरची ठिणगी कायमची बंद.

कोपऱ्यावर मोटारी भरून देणारे एक काका आहेत. त्यांनी कॉइल हातात घेतली, कानाशी हलवल्यासारखं केलं आणि एकच विचारलं, "मध्ये कागद घातलास का?"

नव्हता घातला. हिशेब साधा आहे. दहा हजार व्होल्ट दहा थरांत, म्हणजे थराला हजार. पण तार एका थरातून परत फिरून दुसऱ्या थरात येते, त्यामुळे एका टोकाला शेजारशेजारच्या दोन तारांमध्ये दोन हजार व्होल्टचा फरक. तारेवरचं इनॅमल केसापेक्षाही पातळ, ते किती टिकणार? कॅलनलाही हे कळलेलं होतं, तो आपली तार मेण आणि राळ वितळवून त्यात बुडवायचा. १८६३ च्या त्याच्या कॉइलने सुमारे १५ इंची ठिणगी काढली. बोस्टनच्या रिचीने १८५७ साली बारीक तार पाइपभर न गुंडाळता चपट्या चकत्यांमध्ये विभागली, म्हणजे जास्त फरकाच्या तारा कधी शेजारी येतच नाहीत. आणि रूमकॉर्फने हे सगळं, म्हणजे इन्सुलेशन, फिझोचा कंडेन्सर, पुढे चकत्या, एका पेटीत असं बसवलं की गिऱ्हाईकाने ती विकत घ्यावी, बॅटरी जोडावी आणि ती चालावी. वर्षानुवर्षं. १८९५ साली रॉन्टगेनच्या टेबलावर अशीच पेटी होती. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोसांच्या मिलिमीटर लहरींमागेही अशीच कॉइल.

तर माझा राग निम्मा उतरला. नाव चोरलं म्हणून तो दुकानदार मोठा झाला नाही. ज्या गोष्टीत मी चार संध्याकाळी घालून हरलो, ती त्याला येत होती. पण निम्मा राग शिल्लक आहे. मेनूथ पॅरिसला असतं तर कॅलनला शंभर वर्षं थांबावं लागलं नसतं, असं मला अजून वाटतं.

एक सूचना. यातलं काही करून बघणार असाल तर मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरला हात लावू नका. स्कूटरची कॉइल फटका देते, कारण व्होल्ट भरपूर पण ऊर्जा थोडी. मायक्रोवेव्हचा दोनेक हजार व्होल्ट देतो आणि मागे करंटही उभा करतो. तो माणूस मारतो, दुसरी संधी नाही.

नवी कॉइल चकत्यांची करतोय. काकांनी कागद दिलाय, वॉर्निशही. पैसे घेतले नाहीत, पण ठिणगी दाखवायला ये म्हणालेत.

आणि हो, तो ट्रान्सफॉर्मर १२-०-१२ निघाला. दीडशेला वाईट नाही.